चाळीसचा डबा

गणिताशी तिचा छत्तीसचा आकडा होता आणि ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती. एक ती स्वतः, दुसरी तिची थोरली बहीण. थोरलीला जाऊन आता सात वर्षं झाली होती, म्हणजे हिशेबाने एकटीलाच. एवढा हिशेब तिला जमायचा.

मुलांच्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून दूधखोली होती. आईचं दूध ज्यांना मिळत नाही अशा तान्ह्यांचं दूध तिथं पावडरीपासून तयार व्हायचं, आणि ते तयार करायला ती होती. सोळा वर्षं. सगळे तिला मापाडी मावशी म्हणत. चमच्यावरची पावडर ती सुरीच्या पाठीने अशी सपाट करायची की कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. भरलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या की दुधाची पातळी एका रेषेत दिसायची. मोठी सिस्टर नव्या पोरींना मुद्दाम दाखवायला आणायची. "बघा. माप कशाला म्हणतात ते बघून घ्या." मावशी मान खाली घालून हसायची. लोकांना तो विनय वाटायचा. भीती होती ती.

ज्याला रस्ता माहीत असतो तो हात हलवत चालतो, ज्याला नसतो तो भिंत धरून. ती सोळा वर्षं भिंत धरून चालली होती आणि लोक म्हणत होते, काय सरळ चालते बाई!

मोजता यायचं तिला, नाही असं नाही. शंभरपर्यंत, न चुकता, मध्येच कोणी हाक मारली तरी. बोटांवर बेरीजही व्हायची. पण आकडे आपापसात काय बोलतात ते तिला कधी ऐकूच आलं नाही. दर, प्रमाण, पट असले शब्द आले की कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. चौथीत बाईंनी विचारलं होतं, "एक तृतीयांश मोठं की एक चतुर्थांश?" ही ताडकन उठली. "चतुर्थांश. तीनापेक्षा चार मोठे ना?" वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि बाईंचं हसणं जास्त लागलं. सगळे का हसले हे तिला घरी गेल्यावरही कळलं नाही, मोठी झाल्यावरही नाही. तेव्हापासून तिने हात वर केला नाही. थोरलीने गृहपाठ करून देऊन सातवीपर्यंत ढकललं, पुढे शाळाच सुटली.

मग युक्त्या आल्या. कोणी कागद पुढे करून "एवढं करून दे गं" म्हटलं की ती पिशवी चाचपायची. "अगं बाई, चष्मा घरीच राहिला!" तिला चष्मा नव्हता. डोळे गरुडासारखे होते. नवऱ्याला वाटायचं चष्मा कामावर असतो, कामावरच्यांना वाटायचं घरी असतो. संसार असाच चालतो.

दूधखोलीत ती टिकली, कारण तिथं गणित नव्हतंच, मंत्र होता. आधीच्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तो दिला होता. "हे बघ. हा तीसचा डबा. तीस चमचे. पाणी भांड्याच्या या रेघेपर्यंत. बाटल्या अठरा. डोकं चालवायचं नाही." डब्यावर खरंच तीस लिहिलेलं असायचं, एका सपाट चमच्याला पाणी तीस मिली. आणि चमचेही तीसच पडायचे. तिच्या दृष्टीने लख्ख होतं सगळं. डब्यावर जो आकडा, तितके चमचे. रेघेपर्यंत नऊशे मिली पाणी मावतं, नऊशेला तीसने भागलं की तीस येतात, म्हणून हे दोन तीस योगायोगाने एकमेकांना भेटलेत, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. तीही विचारणारी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मंगळवारी स्टोअरमधून डबे आले ते हिरवे. सोळा वर्षं निळे यायचे.

ती तशीच खाली गेली. स्टोअरवाला खिडकीत बसून दात कोरत होता.

"हे कसले डबे दिलेत हो?"

"दुधाचे. तुम्हाला काय रंगाचे पाहिजे होते?"

"नेहमीचे कुठे गेले?"

"नेहमीचे यायचे बंद झाले, मावशी. पावडर ती पावडर. दूध काय हिरवं होणारे?"

डबा बदलला की भिंतीवरचा मापांचा तक्ता बदलायचं काम आहारबाईंचं. त्या बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या जागी कोण, हे अजून ठरलेलं नव्हतं. ठरायचं असलं की तिथं सगळं असंच अधांतरी लटकत राहायचं.

वर येऊन तिने टोपी चढवली, एप्रन बांधला, कोपरापर्यंत हात धुतले. मग हिरवा डबा उजेडात धरून वाचला. वाचायला ती कधीच घाबरली नाही. *सपाट चमचा एक. उकळून कोमट केलेलं पाणी चाळीस मिली.*

चाळीस.

तिला एकदम हायसं वाटलं. बरं झालं वाचलं, नाहीतर सवयीने तीसच घातले असते! हा चाळीसचा डबा आहे. म्हणजे चमचे चाळीस. एवढ्या तेवढ्यासाठी कोणाला विचारायला नको, काही नको. आपली आपणच शहाणी. थोडा अभिमानही वाटला तिला, खोटं कशाला बोला.

रेघेपर्यंत पाणी घेतलं. चमचा बुडवला, सुरीची पाठ फिरवली, पहिला. बुडवला, फिरवली, दुसरा. तिसाव्याला हात आपोआप थांबला, घोड्याने ओळखीच्या दारात थांबावं तसा. तिने त्याला पुढे हाकलला. एकतीस, बत्तीस. चाळिसाव्याला चमचा बाजूला ठेवून तिने पळी घातली आणि ढवळलं. पळी जरा जड फिरली. नवी पावडर, तिने स्वतःला सांगितलं. अठरा बाटल्या भरल्या, सगळ्या एका पातळीत.

पावणेनऊला ट्रॉलीवाली आली. ट्रॉलीच्या आधी हिचं तोंड पोहोचायचं.

"मावशी, आज काय फेस आलाय गं! मलाच प्यावंसं वाटतंय."

"पी ना. मग तुला पण लंगोट बांधते."

"बांध बाई, तेवढंच कोणीतरी लाड केले." बाटल्या कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये उभ्या करत ती म्हणाली, "सात नंबरच्या बाळाची आजी आलीये कालपासून. आई वरच्या मजल्यावर, ताप उतरेना तिचा. आजी म्हणजे तोफ! सिस्टरला म्हणते, घड्याळ बघून का बाळाला भूक लागते?"

"नऊला द्यायचं म्हणजे नऊलाच. सांग तिला."

"तूच ये आणि सांग," म्हणत ट्रॉली खडखडत गेली.

भांडं धुऊन तिने उपडं घातलं. ओटा पुसला. झाकण लावायला डबा उचलला, आणि हात हवेतच राहिला.

डबा हलका होता.

एक डबा म्हणजे एक पाळी. साडेआठचं दूध, साडेअकराचं, अडीचचं. तीन भांडी झाली की डबा तळाला जायचा. सोळा वर्षं हाताला हीच सवय. आत्ता तर एकच भांडं झालं होतं. तिने न फोडलेला हिरवा डबा दुसऱ्या हातात घेतला. पुन्हा हा, पुन्हा तो. मग कोरडा चमचा फोडलेल्या डब्यात उभा खुपसून पाहिला. पावडर अर्ध्याच्या खाली गेली होती.

डबा लहान असेल. पण दोन्हीवर चारशे ग्रॅमच लिहिलेलं होतं, निळ्यावर आणि हिरव्यावरही.

कचऱ्याच्या डब्याशेजारी कालचा निळा रिकामा डबा होता. त्यातला जुना चमचा काढून तिने नव्या चमच्यात ठेवला. बापाच्या चपलेत पोराचा पाय जावा तसा तो आत बसला. वर जागा उरली.

म्हणजे चमचा मोठा. आणि चमचेही जास्त. आणि पाणी मात्र तेवढंच.

पळीला एक थेंब लागलेला होता. तो तिने बोटावर घेऊन जिभेला लावला. चिकट लागला. टाळूला लागून राहिला.

काहीतरी चुकलं होतं.  पण मन मोठं लबाड असतं, ते लगेच वकिलीला उभं राहिलं. या पावडरीत ताकद कमी असेल, म्हणून जास्त घालायला लावत असतील. कंपनीवाले काय वेडे आहेत का? डब्यावर छापलंय. तू कोण मोठी लागून गेलीस? चतुर्थांशवाली!

आणि त्याच वेळी तिला मोठ्या सिस्टरचं वाक्य आठवलं. नव्या पोरींना ती दरवेळी ऐकवायची, इथंच, या ओट्यापाशी उभी राहून. "दूध पातळ झालं तर बाळ भुकेलं राहतं आणि रडून सांगतं. दाट झालं तर सांगत नाही. आतून सुकत जातं. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

अठरा बाटल्या.

भिंतीवर फोन होता. वॉर्डात लावायला एकच आकडा दाबायचा. तिने रिसीव्हर उचलला आणि तसाच छातीशी धरून उभी राहिली. दूध थांबवा म्हणायचं. बरं. सिस्टर विचारणार, का? त्या 'का'च्या पुढे तिच्याजवळ काहीच नव्हतं. चष्मा घरी राहिला, हे सांगून अठरा बाळं थांबत नाहीत.

झुरळ पडलं म्हणावं! हे सुचलं आणि तिला क्षणभर देव भेटल्यासारखं वाटलं. झुरळ पडलं म्हटलं की दूध ओतून देतील, दोन शिव्या बसतील, संपलं. पण पुढे? ओतून दिलं की दुसरं करायला लागणार. तिलाच. ताबडतोब. आणि त्यात चमचे किती घालायचे?

झुरळाला ते विचारता येणार नव्हतं.

घड्याळात आठ बावन्न झाले होते.  तीस घालावेत का? पण चमचा मोठा आहे. मग वीस? वीस का? पंचवीस का नाही? आकडे तिच्याभोवती अनोळखी माणसांसारखे उभे राहिले, प्रत्येक जण सारखाच दिसणारा, एकाचीही ओळख पटेना. पन्नाशीला आलेली बाई, दोन लेकींची लग्नं केलेली, आणि चौथीच्या वर्गात उभी होती. 

दार ढकलून ट्रॉलीवाली आत आली. "मावशी, एक झाकण दे गं, खाली पडलं. आणि तुझी ती सात नंबरची आजी! सिस्टर पलीकडच्या खोलीत गेली तेवढ्यात बाईने ट्रेमधली बाटली उचलली आणि घातली बाळाच्या तोंडात. म्हणते, नऊ वाजायला आलेच की..."

पुढचं मावशीने ऐकलं नाही.

दूधखोलीची टोपी घालून बाहेर पळायचं नसतं, हा नियम तिनेच दहा जणींना शिकवला होता. ती टोपी, एप्रन, ओल्या हातांसकट पळाली. मधला व्हरांडा लांब, नुकताच पुसलेला. घसरली, भिंतीला खांदा आपटला, तशीच पुढे. वॉर्डाचं झुलतं दार तिने दोन्ही हातांनी ढकललं तेव्हा ते मागच्या भिंतीवर आदळलं आणि चार बाळं एकदम रडायला लागली.

सात नंबरपाशी एक उंच, हाडकुळी बाई खुर्चीत बसली होती. मांडीवर बाळ, हातात बाटली. बाळ डोळे मिटून चुटूचुटू ओढत होतं. इतकं समाधानाने की मावशीच्या काळजात चर्र झालं.

तिने बाटली ओढून घेतली.

क्षणभर बाळाला काय झालं ते कळलंच नाही. मग त्याने ओठ काढले आणि असा टाहो फोडला की आजी उभीच राहिली. "अहो! डोकं ठिकाणावर आहे का? घास काढता लेकराच्या तोंडचा?"

"देऊ नका. कोणालाच देऊ नका. थांबवा सगळं." मावशीने बाटली उजेडात धरली.  "पाव बाटली गेलीये. पाव."

मोठी सिस्टर तोवर आली. तिचं पाऊल न वाजता यायचं, म्हणून सगळे तिला जास्त घाबरायचे. "मावशी. टोपी घालून इथं? काय चाललंय?"

"सिस्टर, दूध दाट झालंय."

"तुमच्या हातून?" सिस्टरला हसूच आलं. "काहीतरीच."

त्या हसण्याने मावशीच्या पाचावर धारण बसली. कोणी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं. इथं विश्वास होता समोर, सोळा वर्षांचा, तो स्वतःच्या हाताने फोडायचा होता.

"डबा नवा आलाय. चाळीसचा. मी चाळीस चमचे घातले."

"बरं. आणि किती घालायचे होते?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे? चष्मा नव्हता का जवळ?"

"मला चष्माच नाहीये, सिस्टर." तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "मला गणित येत नाही. कधीच आलं नाही. तीसचा डबा म्हणून तीस घालायचे. आता चाळीसचा आला म्हणून चाळीस घातले. का ते नाही कळत मला. चूक आहे एवढं हाताला कळलं. डबा अर्ध्यावर रिकामा झाला."

 ट्रॉलीवाली दारात उभी होती, तिचंही तोंड चक्क मिटलेलं. आजीने बाळ छातीशी घट्ट धरलं.

 सिस्टरने आधी ट्रॉलीवालीला बोट केलं. "सगळ्या बाटल्या परत घे. मोज. सतरा आहेत का?"

"सतरा आहेत," ट्रॉलीवाली म्हणाली.

"आणि अठरावी ही. डॉक्टरांना बोलाव, लगेच." मग खिशातून पेन काढून तळहातावर आकडे मांडायला लागली. नऊशे. चाळीस. ओठ हलत होते. "चाळीस दुणे ऐंशी... उरले दहा... शून्य उतरवलं..." ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. "साडेबावीस येतायत. साडेबावीस कसे येतील? असं अर्धवट कुठे असतं का?" तिने मावशीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. हे विचारायला आपण कोणाकडे पाहतोय हे लक्षात आलं असावं.

डॉक्टर धावतच आले. तरुण होते, रात्रभर जागल्यासारखे डोळे. बाळाची जीभ पाहिली, टाळू चाचपली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "किती गेलं?"

"पाव बाटली," मावशी म्हणाली.

"एवढ्याने बहुधा काही होणार नाही. पण लहान आहे हा. संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. लघवी होतीये का, किती वेळा, सुस्त पडतोय का. प्रत्येक लंगोट लिहून ठेवा." जाता जाता ते वळले. "सगळ्यांनी अख्खी बाटली संपवली असती, दिवसभर हेच प्यायले असते तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते मावशीच्या डोक्यात पुरं झालं, आणि नंतर कित्येक दिवस होत राहिलं.

"बाकीचे भुकेले आहेत," सिस्टर म्हणाली. "आहारबाई फोन उचलत नाहीयेत. साडेबावीस बरोबर आहे असं वाटतंय मला. पण वाटून चालणार नाही ना आता." आज पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झालेला मावशीने ऐकला. मोठी सिस्टरही घाबरते, हे पाहून मावशीला धीर यायला हवा होता. उलट आणखी भीती वाटली. मग या इमारतीत कोणाला माहीत आहे नक्की?

ती एकदम म्हणाली, "ओतून बघू का?"

"काय?"

"एका चमच्याला चाळीस पाणी, असंच लिहिलंय ना? मग चाळीस-चाळीसच मोजून ओतते. एक माप पाणी, एक चमचा. रेघ आली की थांबते. मग आपोआप कळेल."

सिस्टरने पेन खिशात टाकलं. "चला."

दूधखोलीत दोघी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. सिस्टरने टोपी घातली, हात धुतले, मावशीने सांगितलं तिथपर्यंत, कोपरापर्यंत. काचेची उभी नळी होती, बारीक रेघांची, औषधं मोजायची. मावशीने वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून चाळीसवर पाणी घेतलं. ओतलं. चमचा बुडवला, सुरीची पाठ फिरवली आणि पावडर शेजारच्या कोरड्या भांड्यात टाकली. "एक."

"एक," सिस्टर म्हणाली.

"दोन."

"दोन."

व्हरांड्याच्या पलीकडून रडणं ऐकू येत होतं. आता एकदोघांचं नव्हतं ते. घाई करावी असं दर क्षणाला वाटत होतं आणि दर क्षणाला ती स्वतःचा हात धरून ठेवत होती. दहाव्याला कपाळावरचा घाम भुवईत उतरला. सिस्टरने न बोलता आपल्या बाहीने तो टिपला. पंधरा. अठरा. भांड्यात पाणी रेघेकडे सरकत होतं, आणि तिला वाटत होतं ते तिथं पोहोचूच नये. पोहोचलं की जो आकडा येईल तो खरा, आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी तिची. आयुष्यात आजवर उत्तर तिच्या हातून निघालंच नव्हतं, दुसऱ्याने दिलेलं ती सांभाळत होती फक्त.

"एकवीस."

"एकवीस."

"बावीस."

"बावीस," सिस्टर म्हणाली.

रेघ अजून आली नव्हती. मावशीने नळी पुन्हा चाळीसवर भरली आणि धार बारीक करून ओतायला लागली. पाणी रेघेला टेकलं. तिने नळी झटकन सरळ केली आणि उजेडात धरली. आत वीस उरलं होतं.

"अर्धी नळी लागली," ती म्हणाली. "अर्धीच लागली. म्हणजे चमचापण अर्धाच घालायचा." ती स्वतःच्याच बोलण्याकडे कान देऊन उभी राहिली. "बावीस झाले. आणि हा अर्धा. साडेबावीस."

सिस्टरने तळहात उघडला. घामाने आकडे पसरले होते, पण वाचता येत होते. तिने तो नुसता मावशीसमोर धरला.

अर्धा चमचा कसा घ्यायचा? मावशीने चमचा भरून सपाट केला, सुरीच्या टोकाने मध्यावर रेघ ओढली, अर्धी पावडर डब्यात लोटली, अर्धी कोरड्या भांड्यात. मग सगळी पावडर पाण्यात ओतून पळी फिरवली. या वेळी हलकी फिरली.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी सतरा बाळं दूध प्यायली. सात नंबरला डॉक्टरांनी आधी नुसतं पाणी द्यायला सांगितलं होतं, मोजून, थेंब थेंब.

सिस्टरने मावशीला ऑफिसात बोलावलं. समोर छापील कागद होता, चूक झाल्याची नोंद करायचा. काय घडलं, केव्हा, कोणाच्या हातून. सगळं भरून झालं होतं. शेवटचा रकाना कोरा होता.

"इथं कारण लिहायचं असतं," सिस्टर म्हणाली. "डबा बदलला, तक्ता बदलला नाही, असं लिहिते मी. खोटं नाहीये ते."

मावशीला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. एवढं लिहिलं की मूठ पुन्हा झाकली जाणार होती. ट्रॉलीवालीला काय, दोन दिवस सांभाळून घेतलं की झालं.

"ते लिहाच," ती म्हणाली. "आणि माझंही लिहा. उद्या पिवळा डबा आला तर?"

"वरच्यांना हा कागद जाणार. ते तुम्हाला दूधखोलीतून काढतील कदाचित. मी सांगेन माझं, पण शब्द देता येणार नाही मला."

"लिहा," मावशी म्हणाली. हात मांडीखाली दाबून बसली होती, दिसू नयेत म्हणून.

सिस्टरने लिहिलं. पेन टेबलावर ठेवून म्हणाली, "साडेअकराचं दूध आज आपण दोघी करू. आणि तोवर सात नंबरपाशी कोणीतरी बसायला हवं. माझ्याकडे माणूस नाही."

सात नंबरच्या पलंगापाशी आजी ताठ बसलेली होती. मावशी समोर जाऊन उभी राहिली. बसायला दुसरी खुर्ची होती, पण बसायची छाती होईना.

"तुम्हीच ना त्या?"

"हो."

"सगळ्यांसमोर सांगितलंत. मला वाटलं आता माझ्यावरच ढकलाल. मी वेळेआधी दिलं म्हणून."

मावशीला हे सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर? तिने त्या प्रश्नाकडे नीट पाहिलं आणि तो तिथंच सोडला.

बाळ झोपलं होतं. फार शांत झोपलं होतं. सुस्त म्हणजे किती सुस्त, आणि झोप म्हणजे किती झोप? दोघी बायका त्याच्या छातीवर नजर लावून होत्या. छाती वर जायची, खाली यायची, आणि प्रत्येक वेळी खाली आली की मावशीला वाटायचं आता वर येते की नाही. घड्याळाचा काटा सरकत नव्हता. दहा वाजले. सव्वादहा. आजीने दोनदा लंगोटाला हात लावून पाहिला, दोन्ही वेळा कोरडा. दुसऱ्यांदा तिने मावशीकडे पाहिलं. 

"एवढा वेळ कोरडा राहतो का नेहमी?" मावशीने विचारलं.

"नाही."

साडेदहाला थोडं पाणी पाजलं, चमच्याने, ओठांच्या कडेने. अर्धं गळ्याखाली गेलं, अर्धं हनुवटीवर. दहा चाळीस. पावणेअकरा. मावशीच्या हातात सिस्टरने दिलेला कागद होता, वर दोन रकाने, वेळ आणि लंगोट. दोन्ही कोरे.

अकराला दहा कमी असताना बाळाने पाय झाडले, चेहरा लालबुंद केला आणि कुरकुरलं. आजीचा हात झरकन आत गेला, आणि तिथंच राहिला.

"झाली," ती म्हणाली. "अहो, झाली! चिंब झालाय. बघा, हात लावून बघा."

मावशीने हात लावला. कोमट, ओलं. तिने कागदावर वेळ लिहिली, समोर एकचा आकडा काढला. आकडा वाकडा आला.

"पुढची केव्हा व्हायला पाहिजे?" आजीने विचारलं.

"तास-दीड तासात व्हायला हवी."

आजीने ओला लंगोट सोडला, कोरडा बांधला, आणि पायाने दुसरी खुर्ची पुढे सारली. "मग उभ्या काय राहता? बसा."

ती बसली.